आता गरज उरलेली नाही

उबुंटू किंवा डेबियन या संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना एक वाक्य परिचयाचे असते. एखादे सॉफ्टवेअर बसवायला किंवा काढायला गेले, की पडद्यावर कधी पाच तर कधी पन्नास नावांची यादी येते आणि तिच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिलेले असते, की पुढील पॅकेजे आपोआप बसवली गेली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही. ती काढून टाकायची कमांडही लगोलग खाली दिलेली असते. ज्याचे आयुष्य साहित्य शिकवण्यात गेले त्याला या वाक्यातली उणीव ताबडतोब दिसायला हवी. गरज उरलेली नाही, पण कोणाला? वर्गात मी विद्यार्थ्यांना हेच विचारत असते, की वाक्यात कर्ता कुठे लपला आहे. २०१९च्या आषाढात कुडाळला एका संगणकासमोर बसले असताना मात्र हा प्रश्न मला सुचला नाही. त्या न सुचण्याची किंमत मोजावी लागली ती दुसऱ्याच कोणाला तरी. म्हणून हे लिहिते आहे.

तो संगणक माझ्या मार्गदर्शकांचा. सर निवृत्त झाल्यावर कुडाळला राहायला गेले आणि मालवणी बोलीतील शब्द जमवू लागले. आधी चिठ्ठ्यांवर, मग वहीत आणि शेवटची काही वर्षे संगणकावर. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांचा कॉम्प्युटर सुरू होतो, पण आत घेत नाही." काकूंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डच विचारला जाई. डिस्क काठोकाठ भरली की ही प्रणाली असे करते, कारण माणसाला आत घेण्यासाठी तिला ज्या चार ओळी कुठेतरी लिहाव्या लागतात, त्यांनाही जागा उरलेली नसते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून एका काळ्या, निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर जाता येते आणि तिथून साफसफाई करता येते. या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. मराठीतल्या फाइलींची नावे तिथे निरर्थक चौकोनांसारखी दिसतात. मी पुढे जे केले ते मराठी न दिसणाऱ्या जागी बसून केले, हे आता मला फार जाणवते.

ज्यांचा या प्रणालींशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इयन मरडॉक यांनी १९९३ साली डेबियनची घोषणा केली. स्वतःचे आणि डेब्रा या मैत्रिणीचे नाव जोडून त्यांनी ते नाव बनवले होते. २००४ साली आलेली उबुंटू डेबियनवरच उभी आहे. या प्रणालींत सारे काही पॅकेजांच्या रूपात येते. पॅकेज म्हणजे फाइलींचा एक गठ्ठा आणि त्यासोबत एक पत्रक. पत्रकात लिहिलेले असते, की हा गठ्ठा कशाकशावर अवलंबून आहे, कशाची तो शिफारस करतो, काय सुचवतो आणि कोणाशी त्याचे जमत नाही. अवलंबन, शिफारस, सूचना, विरोध : नात्यांचे हे प्रकार एखाद्या व्याकरणातल्या कारकविचारासारखे काटेकोर आहेत. एक शब्दलेखक बसवायला जावे तर त्याच्यामागून पंधरा-वीस पॅकेजे येतात; कोणी चित्र दाखवण्यासाठी, कोणी फाइल उघडण्यासाठी, कोणी अक्षर जुळवण्यासाठी. आपण एकाला बोलावलेले असते, बाकीचे त्याच्याबरोबर आलेले असतात.

कोणाला आपण नाव घेऊन बोलावले आणि कोण कोणाच्या तरी सोबत आले, याची नोंद प्रणाली ठेवते. सोबत आलेल्यांवर 'आपोआप' अशी खूण असते. पुढे ज्याला बोलावले होते त्याला आपण निरोप दिला, की प्रणाली या नोंदीकडे पाहते. जे आपोआप आले आणि ज्यांच्यावर आता कोणीच अवलंबून नाही, ते तिच्या लेखी गरज नसलेले. साफसफाईची 'ऑटोरिमूव्ह' ही कमांड याच हिशेबावर चालते. हिशेब अगदी प्रामाणिक असतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. त्यात धरलेली गरज मात्र एका पॅकेजाला दुसऱ्या पॅकेजाची असते. माणसाची गरज त्या वहीत एकाच जागी येते, त्याने नाव घेऊन मागणी केली त्या क्षणी. मागणी का केली, पुढे त्या वस्तूचे त्याने काय केले, हे लिहायला वहीत रकानाच नाही.

कुडाळच्या त्या दुपारी मी सुरुवात बरी केली होती. उतरवून घेतलेल्या गठ्ठ्यांच्या प्रती प्रणाली एका कोठारात ठेवत असते. पॅकेजे एकदा बसवून झाली की या प्रती नुसत्या पडून असतात, आणि 'क्लीन' या कमांडने त्या निर्धास्तपणे पुसता येतात. नंतर जुनी कर्नेले. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. सुधारणेगणिक नवे कर्नेल येते आणि जुनी मागे साचत राहतात. एकेक दोन-तीनशे एमबी जागा अडवून बसते. चालू असलेले आणि अगदी अलीकडचे ठेवून बाकीची काढायची असतात. एवढ्यानेच काही जीबी जागा मोकळी झाली आणि सरांचा संगणक मला आत घेऊ लागला. काम झाले होते. मी तिथेच थांबायला हवे होते.

पण आवराआवरीला एक प्रकारची नशा असते. दुसऱ्याचे घर आवरताना ती अधिक चढते, कारण तिथली कोणतीही वस्तू आपल्याला काही सांगत नाही. सरांनी कधीही खेळले नसतील असे खेळ मी काढले. घरात नसलेल्या छपाईयंत्रांची सामग्री काढली. मग मराठी टंकलेखनाच्या साधनांकडे आले. मी इनस्क्रिप्ट वापरते. ती मांडणी प्रणालीत वेगळ्या मार्गाने मिळत होती. सर उच्चारानुसारी मांडणीने लिहीत. त्यासाठी लागणारे एम१७एन नावाचे साधन होते, आणि सर आता लिहिणार नव्हते. ('मल्टिलिंग्वलायझेशन' या लांबलचक इंग्रजी शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांच्या मध्ये सतरा अक्षरे आहेत, म्हणून हे नाव.) मी त्याचा वरचा भाग नाव घेऊन काढला. लगेच ते परिचित वाक्य आले : पुढील पॅकेजांची आता गरज उरलेली नाही. यादीत एम१७एनचा कळफलक-मांडण्यांचा साठाही होता. काढू का, असे यंत्राने विचारले. या प्रश्नापुढे होकाराचे अक्षर मोठे आणि नकाराचे लहान छापलेले असते, म्हणजे काही न लिहिता नुसते एंटर दाबले तरी तो होकार धरला जातो. मी एंटर दाबले. त्याने मोकळी झालेली जागा चार-पाच छायाचित्रे मावतील एवढी असेल.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कुडाळला गेले. सरांचा शब्दसंग्रह शाबूत होता आणि मी तो काकूंना पडद्यावर दाखवत होते. सरांना मालवणी बोलण्यात दोन वेगळे ए आणि दोन वेगळे ओ ऐकू येत. प्रमाण मराठीच्या लेखनात हा भेद दाखवायची सोय नाही. देवनागरीच्या युनिकोड साठ्यात मात्र ऎ आणि ऒ ही चिन्हे आहेत. सरांनी ती आपल्या कामासाठी वापरली होती. काकू बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या बोलण्यातला ए ह्यांनी कुठल्या कळीवर ठेवला होता, दाखव बघू."

मला प्रश्न कळला नाही. काकूंनी सांगितले ते असे. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. सर संध्याकाळी त्यांना शब्द म्हणायला लावत आणि एखादा स्वर वेगळा वाटला की त्यासाठी कळफलकावर जागा करत. "आणि तिथेच लिहून ठेवायचे. हा आवाज कोणाचा, कुठल्या गावचा. मला वाचून दाखवलं होतं एकदा. माझ्या आईचं नाव होतं त्यात."

मग हळूहळू माझ्या लक्षात आले. एम१७एनमध्ये प्रत्येक मांडणी ही साधी वाचता येण्याजोगी फाइल असते. कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते, आणि अर्धविरामाने सुरू होणारा मजकूर यंत्र सोडून देते. तो माणसांसाठी असतो. सरांनी मराठीच्या उच्चारानुसारी मांडणीची मूळ फाइलच उघडून तिच्यात भर घातली होती. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याच्याही आधीपासून अशी अक्षरे कशी काढायची याच्या खटपटी ते करत, हे मला ठाऊक होते. त्या खटपटी कुठे राहतात हे मात्र मी कधी विचारले नव्हते. त्या त्या फाइलीत राहत होत्या. तीन-चार आठवड्यांपूर्वी मी ती काढून टाकली होती आणि मधल्या काळात त्या डिस्कवर बरेच काही नव्याने लिहिले गेले होते. पॅकेज पुन्हा बसवले. मांडणी परत आली, पण ती कारखान्यातून निघते तशी, कोरी.

यंत्राने मला अडवले का नाही? त्याचे उत्तर पुढे शोधले आणि ते मला अभ्यासण्याजोगे वाटते. डेबियनच्या रीतीत फाइलींचे तीन वर्ग पडतात. माणसाने बदलाव्यात अशा अपेक्षेने ठेवलेल्या व्यवस्था-फाइली हा एक. त्यांच्याबद्दल प्रणाली अतिशय जपून वागते. पॅकेज काढले तरी त्या मागे राहतात आणि यादीत त्या पॅकेजापुढे 'आरसी' अशी दोन अक्षरे दिसत राहतात. म्हणजे वस्तू गेली, तिच्या मालकाने लावलेल्या सवयी शिल्लक आहेत. त्याही पुसायच्या तर 'पर्ज' ही वेगळी कमांड द्यावी लागते. दुसरा वर्ग माणसाच्या स्वतःच्या घरातल्या, होम फोल्डरमधल्या फाइलींचा. त्यांना पॅकेजांची व्यवस्था हात लावत नाही. तिसरा वर्ग पॅकेजाच्या स्वतःच्या मालमत्तेचा, आणि ती पॅकेजाबरोबर जाते. तिच्यात कोणी हाताने चार ओळी लिहिल्या असतील, हे यंत्र विचारातच घेत नाही. सरांनी नेमके या तिसऱ्या जागी लिहिले होते. आपल्या मांडण्या ठेवायला एम१७एनने होम फोल्डरात एक जागा नेमून दिलेली आहे. तिथे ठेवली असती तर ती फाइल आजही असती. सरांना ते माहीत नव्हते. ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या समासात आयुष्यभर टिपणे करणाऱ्या माणसाने हे असेच केले असणार.

चूक सरांचीही होती, असे म्हणून मला सुटता येत नाही. कारण विचारले असते तर यंत्राने सांगितले असते. प्रत्येक पॅकेजाबरोबर त्याच्या फाइलींच्या खुणेचे आकडे येतात. फाइलीत एक अक्षर बदलले तरी आकडा जुळत नाही. 'डीपीकेजी'ला पडताळणीचा पर्याय देऊन पॅकेजाचे नाव सांगितले, की ज्या फाइली जुळत नाहीत त्यांची यादी येते. प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्हांची एक रांग असते आणि त्या रांगेत तिसऱ्या जागी ५ हा आकडा. 'डेबसम्स' नावाचे एक साधनही हेच काम करते. एका ओळीच्या या कमांडने त्या दुपारी मला एकच नाव दाखवले असते आणि मी विचारले असते, की इथे कोणाचा हात लागला आहे. पाठसंपादन शिकवताना मी हस्तलिखितातल्या लेखकूच्या हाताबद्दल तासन्‌तास बोलत आले आहे.

असो. या प्रसंगानंतर 'गरज नसलेले' ही कल्पना मला सोडेना. तिचा पाठपुरावा करताना दिसले, की हा प्रश्न ही प्रणाली घडवणाऱ्यांनाही छळत आला आहे आणि त्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. डेबियनमध्ये 'पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट' नावाचे एक ऐच्छिक पॅकेज आहे. ते बसवणाऱ्याच्या संगणकावरून कोणती पॅकेजे खरोखर वापरली जातात याची माहिती गोळा होते. वापर कसा ओळखायचा? फाइल शेवटची कधी उघडली गेली यावरून. अलीकडे उघडली असेल तर पॅकेजाला मत मिळते. बसवलेले आहे पण बरेच दिवस उघडलेले नाही, ते 'जुने' या सदरात जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयांत पुस्तके बाद करताना मागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के पाहतात, त्यातलाच हा प्रकार. शिक्के पाहणे गैर नाही; पण जे पुस्तक लोक उभ्याउभ्या चाळून परत ठेवतात, त्याच्यावर शिक्का कधीच उमटत नाही.

दुसरा शब्द 'अनाथ'. या जगात तो दोन अर्थांनी वापरला जातो आणि दोन्ही अर्थ एकमेकांपासून दूर आहेत. ज्या पॅकेजावर तुमच्या संगणकात कोणीच अवलंबून नाही ते अनाथ, हा एक अर्थ; अशी पॅकेजे हुडकणारे 'डेबॉर्फन' नावाचे साधन डेबियनमध्ये अनेक वर्षे होते. आणि ज्या पॅकेजाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाने ते काम सोडले आहे तेही अनाथ, हा डेबियन प्रकल्पाचा दुसरा अर्थ. अशांची यादी नव्या पालकाच्या शोधात प्रसिद्ध केली जाते. पहिल्या अर्थाचे अनाथ काढून टाकायचे असते, दुसऱ्या अर्थाचे सांभाळायला घ्यायचे असते. सरांची ती फाइल दोन्ही अर्थांनी अनाथ होती. मी पहिला अर्थ तेवढा वाचला.

तिसरे उत्तर आहे 'अत्यावश्यक' या शिक्क्याचे. काही मोजक्या पॅकेजांवर तो मारलेला असतो. ती काढली तर प्रणालीच कोसळते. ती काढू पाहणाऱ्याला पूर्वी एक अख्खे वाक्य टंकून द्यावे लागे. 'यस, डू ॲज आय से', म्हणजे 'हो, मी सांगतो तसेच कर'. नुसत्या एंटरच्या जागी वाक्य लिहायला लावले तर माणूस थबकेल, असा त्यामागचा विचार. नोव्हेंबर २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबकाराने पॉप ओएस या प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. त्या वेळी पॅकेजांच्या परस्परावलंबनात एक दोष शिरलेला होता, आणि स्टीम बसवायचे तर सगळा डेस्कटॉप काढावा लागेल असा निष्कर्ष यंत्राने काढला. इशारा पडद्यावर होता. त्यांनी ते वाक्य टंकले आणि डेस्कटॉप गेला. चलत्‌चित्र जगभर पाहिले गेले. अनेकांनी त्यांना हसून घेतले. ॲप्टच्या कर्त्यांनी मात्र लवकरच व्यवस्था बदलली आणि तो वाक्याचा दरवाजा बंद केला. मला त्या हसण्यात सामील होता आले नाही. वाक्य लिहिणे म्हणजे वाचणे नव्हे, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

आणि गरज किती लहान वस्तूची असू शकते याचे उदाहरण मार्च २०१६मधले. अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एका वादानंतर एनपीएम या सार्वजनिक भांडारातून आपली सगळी पॅकेजे मागे घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे एक होते. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्ये भरणारे, अवघ्या अकरा ओळींचे. ते नाहीसे होताच जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली आणि काही तासांतच भांडाराच्या चालकांना ते परत ठेवावे लागले. तिथे निदान अवलंबनाची नोंद होती, म्हणून आरडाओरडा झाला. ज्याची नोंद नाही ते गेले तर आवाजही होत नाही. कुडाळला काकू बोलल्या नसत्या तर मी एक सरांचा संगणक दुरुस्त केला, एवढेच मला आयुष्यभर वाटत राहिले असते.

सुरक्षितपणे काढणे म्हणजे काय, याचे एक उत्तर आपल्या परंपरेत फार मोठ्या प्रमाणावर दिले गेलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली तिचे प्रमुख संपादक झाले आणि काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. शेकडो हस्तलिखिते ताडून संपादकांनी हजारो ओळी संहितेतून बाहेर काढल्या. व्यासांचा लेखनिक होणाऱ्या गणपतीची लोकप्रिय कथाही त्यांत होती. पण बाहेर काढलेली ओळ कुठल्या हस्तलिखितात, कुठे आहे, या पत्त्यासह तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवली गेली. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला तो उलटवता यावा, एवढी सामग्री त्यांनी पानाच्या तळाशी ठेवून दिली. काढण्याची ही रीत मला आता सर्वांत विश्वासाची वाटते.

संगणकावर हीच रीत पाळता येते, आणि ती फार अवघडही नाही. काहीही काढण्यापूर्वी मी आता त्या कमांडची रंगीत तालीम घेते. ॲप्ट-गेटला तसा पर्याय आहे. प्रत्यक्षात काहीही न हलवता कोणकोण जाईल याची यादी तो दाखवतो. ही यादी मी शेवटच्या नावापर्यंत वाचते. न ओळखीच्या नावाचे पत्रक उघडून पाहते, कारण प्रत्येक पॅकेजाला दोन-चार ओळींची ओळख असते. उबुंटूचा सबंध डेस्कटॉप किंवा सगळे भारतीय फाँट यांसारखी काही पॅकेजे स्वतः रिकामी असतात. अनेकांना एकत्र बांधणारी नुसती मोळीची दोरी. दोरी तोडली तर काटक्या 'गरज नसलेल्या' ठरू शकतात, म्हणून तालमीच्या यादीत दोरीचे नाव दिसले की थांबते. मग पडताळणी, की कोणत्या फाइलीला माणसाचा हात लागलेला आहे. जे आपोआप आले होते पण आता मला हवे आहे, त्याच्यावरची 'आपोआप' ही खूण बदलून 'मागून घेतलेले' अशी करते. त्यासाठी 'ॲप्ट-मार्क' ही कमांड आहे. माझी गरज यंत्राच्या वहीत लिहिण्याचा तेवढाच मार्ग आहे. आणि शेवटी, जे गेले त्याची नोंद. ॲप्ट स्वतः एक इतिहासाची फाइल ठेवते. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या आज्ञेने काय गेले हे तिच्यात असते. सरांच्या संगणकातली ती फाइल मी नंतर वाचली. त्यात माझी ती दुपार मिनिटासकट लिहिलेली आहे.

आणखी एक आठवण नोंदवायची राहिली. उबुंटूवर शब्दलेखक उघडला की फाँटांच्या यादीत गार्गी, नकुल, सहदेव, लोहित अशी नावे दिसतात. ज्यांना देवनागरीशी कर्तव्य नाही ते लोक ही यादी लांबते म्हणून कंटाळतात आणि ते फाँट कसे काढावेत हे एकमेकांना सांगतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मला मात्र गार्गी हे नाव तिथे पाहून बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी आठवते. हे सारे पाण्यात आडवे-उभे विणलेले आहे, तर पाणी कशात विणलेले आहे, असे ती याज्ञवल्क्याला विचारू लागते आणि प्रत्येक उत्तराला पुढचा प्रश्न जोडत जाते. एका टप्प्यावर याज्ञवल्क्य तिला दटावतो, की याच्यापुढे विचारू नकोस. ती तात्पुरती गप्प होते. नंतर सभेत पुन्हा उठून विचारते, तेव्हा साखळीच्या शेवटी जे उत्तर मिळते त्याचे नाव 'अक्षर' आहे. तिथे त्या शब्दाचा अर्थ अविनाशी असा आहे. आपण रोज त्याच शब्दाने लिहिण्याच्या खुणेला ओळखतो, आणि ती खूण फारशी अविनाशी नाही, हे मी कुडाळला पाहिले. घ्यायचे तर गार्गीचे विचारत राहणे घ्यावे. यंत्र एका पायरीवर थांबून सांगते, की याच्यावर कोणी अवलंबून नाही. पुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो.

गेल्या काही वर्षांत मी आणि काकू ती मांडणी पुन्हा बांधत आहोत. शब्दसंग्रहात ऎ आणि ऒ आहेतच, त्यामुळे कोणती अक्षरे सरांनी घातली होती हे कळते. कोणत्या कळीवर, हे अंदाजाने ठरवावे लागते. कोणाच्या तोंडून ऐकून, हे मात्र त्या संग्रहात कुठेही नाही. काकू शब्द म्हणतात, मी लिहिते आणि अर्धविराम देऊन पुढे काकूंचे आणि गावाचे नाव घालते. फाइल आता होम फोल्डरमध्ये नेमून दिलेल्या जागी आहे आणि तिची प्रत माझ्याकडेही आहे. काकूंच्या आईचे नाव आम्ही पहिल्याच दिवशी लिहिले. पण त्या बाईंचा ए नेमका कसा होता, असे मी विचारले तेव्हा काकूंनी दोन-तीनदा शब्द म्हणून पाहिला आणि मान हलवली. "मला वाटतं असाच होता. पण ह्यांना विचारायला हवं होतं गं, त्यांच्या कानाला बरोबर कळायचा." त्या ओळीपुढे मी सध्या एक प्रश्नचिन्ह घालून ठेवले आहे.